ओल्या हातांची घुमी

घुमी दाराची कडी कधी वाजवायची नाही. दारात येऊन उभी राहायची आणि घरातल्या कुणाचं लक्ष जाईपर्यंत तशीच उभी असायची. एकदा नवरात्राच्या तोंडावर मी मशीनवर ब्लाउज शिवत होते. मान वर करायला सवड नव्हती. बऱ्याच वेळाने दोरा संपला म्हणून उठले, तर ही उंबऱ्याबाहेर हातात रिकामी वाटी घेऊन उभी. विरजण पाहिजे होतं. "कवापासून उभी हाईस गं?" असं विचारलं तर तिने पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं. विरजण दिलं, तर ते घेऊनही अंगठ्याकडेच पाहत गेली.

गुलबर्ग्याजवळच्या आळंदला, वेशीजवळच्या आमच्या गल्लीत तिचं कुटुंब भाड्याने राहायला आलं, तेव्हा ती पंधरा-सोळा वर्षांची असेल. बाप डाळ मिलमध्ये वजनकाट्यावर होता. घरात आई, बाप आणि एक अज्जी. माणसं लिंगायत, सरळ, आपल्या कामाशी काम ठेवणारी. घरात कन्नड बोलायचे, गल्लीत आमच्याशी मराठी, आणि ही पोरगी दोन्हीत गप्प. आठवडाभरात गल्लीने तिचं नाव घुमी ठेवलं. तिचं खरं नाव चांगलं लांबलचक आहे, पण मी ते कधी वापरलं नाही आणि आता वापरलं तर तिलाच ओळखू येणार नाही.

पीयूसीला, म्हणजे बारावीला, ती लेखी परीक्षेत पास झाली आणि तोंडी परीक्षेत नापास. परीक्षकाने काहीतरी विचारलं, हिला उत्तर येत होतं, पण तोंड उघडेना. त्याने दोनदा विचारलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाला म्हणे, की जीभ घरी ठेवून आलीस काय. हे तिच्या आईने मला सांगितलं. त्या माणसाचा पत्ता मला मिळाला असता तर मी बस धरून त्याच्या दारात गेले असते आणि त्याच्या बायकोपोरांदेखत दोन गोष्टी ऐकवल्या असत्या. मला राग मुरवून ठेवायची सवय आहे. इतर बायका कैरीचं लोणचं घालतात तसा मी राग घालते, आणि वर्षानुवर्षं तो खराब होत नाही. घुमीबद्दल लिहायचं तर या रागाबद्दलही लिहावं लागेल, कारण ती माझ्या घरात शिरली ती त्याच दारातून.

माझ्या रागाची मोठी बरणी होती ती थोरलीच्या नावाची. थोरली म्हणजे माझी चुलत जाऊ. आमची दोघींची लग्नं एका वर्षाच्या अंतराने झाली आणि शेजारशेजारच्या दोन घरांत आम्ही नांदलो. सुरुवातीची काही वर्षं एकाच चुलीवर काढली. पुढे भाऊबंदकी झाली, वाटण्या झाल्या, भिंत आली. माझे मालक गेले, मूलबाळ नव्हतं, तेव्हा मी माझ्या आईला माहेरून, राजेश्वरहून, माझ्याकडे आणलं. थोरलीला ते खुपलं. लेकीच्या घरचं अन्न खाणारी म्हातारी म्हणून ती आईला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. आई बहिरी झाली होती, तिला ऐकू येत नसे. मला येत होतं.

गल्लीला एक बोअर होती. कोपऱ्यावर काळी टाकी, तिला चार नळ, आणि मोटारीचा स्टार्टर थोरलीच्या ओसरीवर. विजेची तार तिच्या घरावरून येत होती म्हणून तो तिथे बसवला होता, पण थोरलीने त्याची जहागिरी केली. बटण दाबायचं ते तिनेच. आपली धुणीभांडी आटोपल्यावर, मर्जी असेल तेव्हा.

साथीच्या त्या वाईट वर्षात माझी आई गेली. तिला साथीचा आजार नव्हता, ती म्हातारपणाने गेली, डॉक्टरने तसं लिहूनही दिलं होतं. पण तेव्हा मेलेल्या माणसाचं नाव काढलं की दारं लागत होती. गल्लीतली एकही बाई आली नाही. दुपारची वेळ, टाकी रिकामी, माझ्या घरात दोन हंडे पाणी. आईला शेवटची आंघोळ घालायची तर पाणी पाहिजे. मी थोरलीच्या दारात गेले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या दारात गेले. ती खिडकीतूनच म्हणाली, "मोटार जळाली." मी माघारी वळले तशी आत सुनेला म्हणाली, "लेकीच्या दारात मेलेलीचं पानी आपल्या दारावरनं वाहायला नको."

संध्याकाळी आईला अग्नी देऊन आम्ही परत आलो तेव्हा मोटार चालू होती. थोरलीचं अंगण शिंपून झालं होतं.

लोक आता मला म्हणतात, तेव्हा सगळेच भ्याले होते, सोडून दे. भ्याले असतील. मोटारीचं बटण दाबल्याने कुणाला आजार होत नव्हता. मी त्याच संध्याकाळी आईच्या रिकाम्या खाटेवर बसून ठरवलं, की ही बाई मरेल तेव्हा तिच्या आंघोळीला मी थेंबभर पाणी मिळू देणार नाही. आणि ते का, हे तिच्या कानात सांगेन. काय सांगायचं ते शब्दसुद्धा मी जुळवून ठेवले होते.

पण त्या दुपारी आईला आंघोळ मिळाली. थोरलीच्या दारातून परत आले तर माझ्या दारात घुमी उभी होती. कधीची उभी होती कोण जाणे, पण तिने सगळं ऐकलं असावं. तिला आत ये म्हणायचं मला सुचलं नाही. ती आपली आपण आत आली, माझ्या दोन घागरी उचलल्या आणि चालू लागली. दोन गल्ल्या ओलांडून मठाचा आड आहे. एक घागर डोक्यावर आणि एक हातात, अशा तिने चार खेपा केल्या. शेवटच्या खेपेला तिचा खांदा एका बाजूला कलला होता आणि परकर गुडघ्यापर्यंत भिजला होता. मग तिने मला विचारलं, "आजीला गरम लागायचं का गार?"

तीन-चार वर्षांत तिने माझ्याशी उच्चारलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य. मी रडायची थांबून तिच्याकडे बघत राहिले. "कोमट," मी म्हणाले. तिने चूल पेटवली, पाणी तापवलं, कोपर बुडवून पाहिलं, थोडं गार ओतलं, पुन्हा कोपर बुडवलं. मग परकर खोचून बसली आणि मला सांगू लागली. मान धरा. हितं हात घाला. आता डावी कूस. केस मी धुते, तुमी तोंड पुसा. एकोणीस वर्षांची पोरगी, जिने आयुष्यात कुणाला चार शब्द सुनावले नव्हते, ती मला माझ्या आईला कसं धरायचं ते सांगत होती, आणि मी मुकाट्याने ऐकत होते.

पुढे केव्हातरी मी तिला विचारलं, "त्या दिवशी कशी काय बोललीस गं?" ती तेव्हा माझ्या मोरीत भांडी विसळत होती. म्हणाली, "हात ओले असले की मला बोलता येतंय." मला वाटलं थट्टा करतेय. पण नंतर लक्ष ठेवून पाहिलं. खरंच तसं होतं. पीठ मळताना, धुणं धुताना, भाजी निवडून पाण्यात टाकताना ती बोलायची, चांगलं मुद्द्याचं बोलायची. हात पुसले की झालं, पुन्हा अंगठ्याकडे.

आईला अग्नी देऊन मी परत आले तरी ती घरी गेली नव्हती. हातपाय धुऊन अंगणाच्या कोपऱ्यात बसून राहिली. थोड्या वेळाने तिची अज्जी आली आणि तिच्या हातात एक छोटी पुरचुंडी ठेवून गेली. त्यात तिचं इष्टलिंग होतं. लहानपणी गळ्यात बांधलेलं. कॉलेजात पोरी गळ्याकडे बघतात म्हणून तिने ते काढून अज्जीच्या पेटीत टाकलं होतं. त्या दिवशी तिने डाव्या तळहातावर ते घेतलं आणि बराच वेळ नुसती पाहत बसली. मी मराठ्याची बाई, मला त्यातलं काही कळत नाही, आणि त्या क्षणी देवाचं तोंड बघायची माझी इच्छाही नव्हती. पण तिच्या चेहऱ्यावरचं लाजणं गेलं होतं, एवढं मला दिसलं. कारण विचारलं ते फार नंतर. कणीक भिजवता भिजवता म्हणाली, "तुमच्या आईचा हात धरला हुता ना, तो सोडल्यावर माजा हात लई रिकामा वाटाय लागला. म्हनून मागितलं."

पंधरा दिवसांनी गल्लीच्या टोकाची एक म्हातारी गेली. तिच्या सुना लांब उभ्या. कुणाला तरी आठवण झाली आणि घुमीला बोलावणं गेलं. तिने मला हाक मारली, म्हणजे दारात येऊन उभी राहिली. मी गेले. त्यानंतर आमच्या आणि शेजारच्या दोन गल्ल्यांत बाई गेली की पहिला निरोप घुमीला जाऊ लागला. तिने एक पत्र्याची पेटी केली. त्यात नवं कापड, साबण, कापूर, विभूती, गंगाजळाची बाटली. तुळस माझ्या दारातून तोडायची. कुणाचे काय रिवाज असतात ते ती म्हाताऱ्यांना विचारून घ्यायची. हळूहळू आम्ही पाच बायका झालो. त्यात एक आसिफाबी होती. मुसलमानांच्या घरी तीच सांगायची आणि आम्ही नुसतं पाणी भरून द्यायचो.

मयताच्या घरी गेल्यावर घुमी रडत नसे, समजावत नसे. फक्त तिचा तो एक प्रश्न विचारायची. यांना गरम लागायचं का गार? लोकांना तो प्रश्न अंगावर यायचा. गुलबर्ग्याला मोठा बंगला बांधलेला एक जण आई गेली म्हणून मोटारीने आला. त्याला घुमीने विचारलं. तो म्हणाला, काहीही चालेल. ती हलली नाही. तो बायकोकडे बघू लागला, बायको भिंतीकडे. शेवटी धुणं धुणाऱ्या बाईने सांगितलं, गार, थंडीतसुद्धा गार. तेव्हा तो भला मोठा माणूस पायरीवर बसला आणि ओक्साबोक्शी रडला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. चार वर्षांत आईकडे फिरकला नव्हता. घरी येताना मी घुमीला म्हटलं, "चांगली जिरवलीस त्याची." ती थबकली. तिच्या हाताला अजून पाण्याचा ओलावा होता. म्हणाली, "जिरवायला न्हवं मावशी. त्यांला गार लागायचं, मी गरम केलं असतं तर?"

तिच्यात आणि माझ्यात हा फरक होता. तिला खरोखरच तेवढंच जाणून घ्यायचं असे.

एकदा मी तिला चिडून विचारलं, की तुझा देव होता कुठे, माझ्या आईच्या वेळी. ती घागर विसळत होती. म्हणाली, "देवाचं मला काय कळत न्हाई मावशी. पन शेवटची घागर वतताना मागं कोनतरी उभं हाय असं वाटतंय मला. कडी न वाजवता."

माझी थोरलीवरची खुन्नस मात्र चालू होती. मी तिच्या भिंतीला लागून मुद्दाम शेवगा लावला. शेवगा भराभर वाढतो आणि पावसाळ्यात त्याला केसाळ अळ्या पडतात. फांद्या मी आमच्या बाजूच्या छाटायचे, तिच्या बाजूच्या वाढू द्यायचे. घुमीने एकदा झाड पाहिलं, छाटलेली बाजू पाहिली, आणि अंगठ्याकडे पाहिलं. बोलली काही नाही, हात कोरडे होते.

मग तिचा सत्कार झाला. गल्लीतला एक पुढारी, जो साथीच्या वर्षात घराबाहेर पडला नव्हता, तो आता "आमच्या गल्लीची लेक" म्हणून हिच्या नावाने मिरवू लागला होता. मारुतीच्या देवळापुढे मांडव घातला, शाल-नारळ आणला. थोरली पहिल्या रांगेत बसली होती, जशी काही तीच हिला घागरी उचलून देत होती. पुढाऱ्याने माइक घुमीच्या हातात दिला. ती उभी राहिली. एक मिनिट गेलं, दोन गेली. पोरं खिदळू लागली. मला तो परीक्षक आठवला आणि माझं डोकं फिरलं. टेबलावर पाहुण्यांसाठी पाण्याचा तांब्या होता. मी उठले, पुढे गेले आणि तांब्या तिच्यापुढे धरला. तिने माझ्याकडे पाहिलं, ओंजळ पुढे केली, आणि मी सगळ्यांदेखत तिच्या हातावर पाणी ओतलं. मांडववाला कळवळून म्हणाला, "अवो, माइकला शॉक बसंल की." तिने माइक खाली ठेवला आणि विनामाइक बोलली.

"शाल नको. बोअरचा स्टार्टर थोरल्या आईंच्या ओसरीवरनं काडा. लोकाला पानी मागाय कुनाच्या खिडकीत जावं लागू नये."

थोरलीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी ते पोटभर बघितलं. पुढारी चाचरत म्हणाला, "मग बसवायचा कुठं? ज्याच्या भिंतीवर बसवावा त्याचीच मालकी होतीय."

"मावशीच्या भिंतीवर बसवा," घुमी म्हणाली.

मांडवात हसू फुटलं. मागून कुणीतरी म्हणालं, त्या बाईच्या हातात बटण गेलं तर थोरलीच्या घागरीत थेंब पडायचा नाही. बरोबर बोलला तो, माझ्याही मनात तेच होतं. घुमीने हात पुसले नव्हते. ती म्हणाली, "पान्यावाचून बसायचं म्हंजे काय ते मावशीला ठावं हाय. त्या देतेत सगळ्याला."

आठ दिवसांत स्टार्टर माझ्या भिंतीवर आला. त्या दिवशी मी शिरा केला. दुसऱ्या सकाळी थोरली आयुष्यात पहिल्यांदा घागर घेऊन रांगेत उभी राहिली. पुढे कित्येक दिवस मी खिडकीत बसून चहा प्यायले तो फक्त ते बघण्यासाठी. तिची घागर अर्धी भरली, की कधी कधी माझं बोट आपोआप बटणाकडे जायचं. एकदा मी तसं केलं. दुपारी घुमी भाकरीचं पीठ मळायला आली, मळता मळता म्हणाली, "आज मोटार जरा लवकर बंद झाली." एवढंच. वर मान केली नाही. मी पुन्हा तसं केलं नाही. पण राग तसाच मुरत होता. मला घागरी अर्ध्या ठेवायच्या नव्हत्याच, मला त्या एका दिवसाची वाट बघायची होती.

तो दिवस गेल्या चैत्रात आला. थोरली दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. टाकी रिकामी होती. कपाळावर लिहून ठेवल्यासारखं सगळं जुळून आलं. थोड्याच वेळात तिचा मुलगा माझ्या अंगणात आला, मान खाली घालून. "काकू, पानी," एवढंच म्हणाला. मी खिडकीतूनच सांगितलं, "मोटार जळाली."

हे दोन शब्द मी कितीतरी वर्षं तोंडात घोळवले होते. ते बोलून झाले. मुलगा क्षणभर उभा राहिला. त्याला आठवलं असावं, कारण त्याने काही विचारलं नाही, तसाच गेला. मी आत येऊन मशीनपुढे बसले. वाईट वाटत नव्हतं. आईच्या फोटोकडे बघून मी मनात म्हटलं, झालं बघ.

थोड्या वेळाने मान वर केली तर दारात घुमी. दोन्ही हातांत रिकाम्या घागरी. ती मोटारीबद्दल बोलेल म्हणून मी तयारीत होते. उत्तरं सगळी तयार होती. ती उंबऱ्याबाहेरूनच म्हणाली, "थोरल्या आईला गरम लागायचं का गार? घरात कुनालाच ठावं न्हाई."

"कढत," मी म्हणाले. विचार करायच्या आत तोंडातून गेलं. "चैत्रातसुदा कढत लागायचं तिला. पाठ लाल व्हायची."

"बरं," ती म्हणाली, आणि मठाच्या बाजूला चालू लागली.

हात कोरडे असताना ती बोलली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. तेव्हा डोक्यात ती लाल पाठ होती. लग्नानंतरची पहिली दोन-तीन वर्षं आम्ही दोघी एकाच न्हाणीत एकमेकींची पाठ चोळत होतो. माझ्या सासूचा जाच दोघींना सारखा होता, आणि दार लावून पाठ चोळताना आम्ही हळू आवाजात तिची नक्कल करायचो. थोरली हसून हसून ठसकायची. तिच्या मुलांना, सुनांना कुणाला ठाऊक नसलेली गोष्ट मला ठाऊक होती, आणि मला ती ठाऊक नको होती.

घुमी पहिली खेप घेऊन आली. खिडकीतून दिसत होतं. एक डोक्यावर, एक हातात. खांदा त्याच बाजूला कललेला. पुन्हा गेली. उन्हाचा कहर होता. दुसरी खेप. तिसऱ्या खेपेला ती टाकीजवळ थांबली, घागर टेकवली आणि खांदा दाबून धरला. तेव्हा माझा संताप संताप झाला. थोरलीचाच. या बाईने जिवंतपणी या पोरीला चार खेपा करायला लावल्या आणि आता मेल्यावरही लावतेय. मी तिला कशाला जिंकू देऊ? मी उठले आणि बटण दाबलं. लोक म्हणतात मी थोरलीला क्षमा केली. साफ खोटं. मी घुमीच्या खांद्यासाठी मोटार लावली.

नळ सुरू झाल्यावर घुमी परत आली, ओल्या हातांनी. "मावशी, सुनंला घेरी आली. बाकीच्या बाया गावात न्हाईत. एकटीला कूस वळवता येईना."

मी गेले. थोरलीच्या उंबऱ्यात पाय ठेवला. पाणी कढत होतं, घुमीने कोपराने पाहिलेलं. मी मान धरली, तिने केस धुतले. कानामागे साबण लावायला मी वाकले, तेव्हा मला माझे जुळवून ठेवलेले शब्द आठवले. घुमीच्या समोरच मी थोरलीच्या कानाशी तोंड नेलं. लांबलचक भाषण होतं, त्यातलं अर्ध्याहून जास्त विसरले. म्हटलं, "तुजी मोटार जळाली न्हवती. मला ठावं हुतं." आणि मग, का कोण जाणे, पुढे म्हटलं, "माजीबी जळाली न्हवती."

घुमी हातातली घागर तशीच धरून थांबली होती. मी सरळ झाले तेव्हा तिने विचारलं, "सांगून झालं का?"

"झालं."

"मग डावी कूस."

मी कूस वळवली. पाठीवर पाणी पडलं. ती लाल झाली नाही. मी तिथेच रडले, आणि माझ्या आईसाठी रडले की त्या न्हाणीतल्या दोन पोरींसाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. घुमीने रडू दिलं. शेवटची घागर तिने माझ्या हातात दिली. ती ओतताना मी मागे वळून पाहिलं. दारात कुणी नव्हतं. पण मी पाहिलं, हे खरं.

शेवगा मी तोडलेला नाही. अळ्या अजून तिकडेच पडतात. सगळंच सोडून द्यायला मी काही संत नव्हे.

घुमीने पीयूसी पुन्हा दिली आणि गुलबर्ग्याला नर्सिंगला अर्ज केला. मुलाखतीला जाताना रुमाल भिजवून, पिळून मुठीत धरून गेली. समोर तीन जण बसले होते, तिघांना तिने चोख उत्तरं दिली. हे कळल्यावर मी पुन्हा शिरा केला, आणि त्या जुन्या परीक्षकाच्या नावाने एक वाटी बाजूला काढून कावळ्याला घातली. तो मेला नसेलही, पण माझ्यापुरता त्याचा दहावा झाला.

जायच्या दिवशी ती पत्र्याची पेटी घेऊन आली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली. मी मुद्दाम मान वर केली नाही. मशीन चालवत राहिले. निरोप घ्यायचा तर कडी वाजव म्हणावं. वाजवली नाहीच. शेवटी मीच उठले. पेटी तिने माझ्या हातात दिली. आता बोलावणं आलं की ती घेऊन मी जाते, आणि तिचाच प्रश्न विचारते. माझ्या तोंडून तो जरा दरडावल्यासारखा येतो, पण लोक उत्तर देतात.

त्या दिवशी ती जायला वळली तेव्हा माझ्याच्याने राहवेना. माझ्या मागेपुढे कुणी नाही, हे तिला माहीत होतं. मी चिडून म्हटलं, "सगळ्या गावाला इचारलंस. मला कदी इचारलं न्हाईस."

ती थांबली. तिचे हात कोरडे होते. बसची वेळ झाली होती, बाप कोपऱ्यावरून हाक मारत होता. तिने या खेपेला अंगठ्याकडे पाहिलं नाही.

"तुमचं कामून इचारू? ठावं हाय की मला," ती म्हणाली. "कोमट. तुमच्या आईला लागायचं तसं."